पिठोऱ्यापुढचं देऊळ

वाटाणे सोलत बसलो होतो, तेव्हा फोन आला.

"आजोबा, मी प्रणाली. बाळारामबाबांची नात, डोंबिवलीहून. तुमचं ते देऊळ सापडत नाहीये."

"कुठलं देऊळ?"

"पिठोऱ्याच्या पुढचं, रायपूर-संबळपूर रस्त्यावरचं. तुम्हीच लिहिलंय ना? डाव्या हाताला दगडी देऊळ, मागे बारमाही विहीर, ओवरीत मुक्काम. मी तीन दिवस सॅटेलाइट नकाशावर शोधतेय. तिकडच्या एका ढाबेवाल्यालाही फोन लावला. तो म्हणतो, असं देऊळ इथे कधी नव्हतंच."

प्रणाली सव्वीस वर्षांची आहे. डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. महिनाभराची रजा टाकून ती सायकलने देश आडवा ओलांडणार आहे, कल्याणच्या खाडीपासून पुरीच्या समुद्रापर्यंत. पन्नासएक वर्षांपूर्वी हाच प्रवास मी आणि तिच्या आजोबांनी केला होता. त्यावर मी एका दिवाळी अंकात लांबलचक लेख लिहिला होता. त्या लेखाची झेरॉक्स समोर ठेवून ती आपले मुक्काम ठरवत होती.

देऊळ सापडणार नव्हतं. ते मी आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, चहाचा कप बाजूला सारून, कागदावर बांधलं होतं. त्या रस्त्यावर मी सायकल चालवलीच नव्हती.

"रविवारी येतो," मी म्हणालो. "समोर बसून सांगतो."

"नक्की या हं. पुढचे सगळे मुक्काम त्या देवळापाशी अडलेत."

हे वर्णन त्या रविवारचं आहे. ठाण्याच्या वर्तकनगरपासून डोंबिवलीजवळच्या एका गावापर्यंत आणि परत. अंतर फार नाही. पण मी ज्या प्रवासामुळे चार लोकांत ओळखला गेलो, त्यातला राहून गेलेला तुकडा याच रस्त्यावर होता.

सायकलनेच जायचं ठरवलं. मुलाने विरोध केला. "बाबा, शिळफाट्याचे कंटेनर पाहिलेत का? रिक्षा करून देतो." मी ऐकलं नाही. जुनी काळी सायकल पोटमाळ्यावरून उतरवली आणि वागळे इस्टेटमध्ये एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"काका, हिला टायर मिळतील. पण तुमचं काय?"

"माझं काय?"

"तुमचे पार्ट आता येत नाहीत ना बाजारात."

त्याने टायर बदलले, ब्रेकची रबरं बदलली, आणि बेल मात्र जुनीच ठेवली, कारण असा आवाज आता निघत नाही म्हणाला. त्याच्या दुकानासमोरच आमचा कारखाना होता. आता तिथे काचेची इमारत आहे. मी तिथे ड्रॉइंग ऑफिसात होतो, बाळाराम लेथवर. शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायचं आणि दोऱ्याला गाठी मारून मुक्काम ठरवायचे, ही माझी युक्ती. एक गाठ म्हणजे एक दिवस. बाळाराम म्हणायचा, "तू गाठी मार, मी सोरवीन (सोडवेन)."

रविवारी उजाडताना निघालो. थंडी होती. कळव्याच्या पुलावर आलो तेव्हा खाडीवर धुक्याचा पातळ थर होता आणि पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. पुलाच्या चढावर दम लागला, उतरलो, सायकल हातात धरून चाललो. काय सांगायचं आहे ते मनात एकदा नीट लावून घेतलं. वाचकांनाही इथेच सांगतो.

रायपूर सोडून आम्हाला तासभर झाला असेल. रस्त्याच्या कडेला एक सायकल आडवी पडली होती, पुढचं चाक दुमडलेलं. शेजारी कुणावर तरी चादर टाकलेली होती आणि चादरीबाहेर एक चप्पल. दोन माणसं तिथे बिडी ओढत पोलिसांची वाट बघत उभी होती. मी सायकलवरून उतरलो तो पुन्हा बसू शकलो नाही. पाय पॅडलवर ठेवला की मागून ट्रक येतोय असं वाटे. आम्ही सायकली हातात धरून रायपूरला परतलो. तिथे एका मराठी कंत्राटदाराने आम्हाला पडवी दिली होती. दोन दिवस मी त्या पडवीत पडून राहिलो. ताप वगैरे काही नव्हता. भीती होती.

तिसऱ्या दिवशी बाळाराम म्हणाला, "तू ट्रकमंदी बस. संबळपूरला भेटू. तुजी वही दे मना (मला)."

ती वही म्हणजे शिक्क्यांची वही. त्या काळी लांबच्या सायकलस्वाराजवळ ती असायचीच. जिथे थांबाल तिथे टपाल कचेरीचा, नाहीतर ग्रामपंचायतीचा शिक्का घ्यायचा, खाली गाव आणि तारीख लिहायची. परत आल्यावर हाच पुरावा. बाळाराम माझी वही घेऊन गेला, चार दिवस एकटा सायकल चालवत राहिला, आणि संबळपूरला मला भेटला तेव्हा दोन्ही वह्या भरलेल्या होत्या. तो म्हणाला, "घे. कुनाला काय कलनार नाय."

कळलं. आम्ही परत आल्यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये सत्कार झाला. रायपूरच्या त्या भल्या कंत्राटदाराने कारखान्याच्या पत्त्यावर अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतं. साहेबांनी ते सर्वांसमोर वाचलं. शेवटची ओळ होती, 'ज्यांना आम्ही ट्रकमध्ये बसवून दिलं, त्यांची प्रकृती आता ठीक असावी.' नाव नव्हतं. साहेब हसले. "काय रे, ट्रकमध्ये कोण बसलं होतं?"

सगळे आमच्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बाळारामला ताप होता, साहेब."

बाळाराम माझ्या शेजारी उभा होता. गळ्यात झेंडूचा हार होता. तो काही बोलला नाही. पुढे लेखात मी तेच छापलं, आणि रिकाम्या चार दिवसांत एक देऊळ बांधलं.

मुंब्र्यात शिरलो तेव्हा दुकानं उघडत होती. डाव्या हाताला खाडी, उजवीकडे डोंगर, मधल्या चिंचोळ्या जागेत हे गाव. एका बेकरीतून खारीचा वास येत होता म्हणून थांबलो. चहाबरोबर दोन खाऱ्या खाल्ल्या. पुढे कौशाजवळ चेन उतरली. बसवताना बोटं काळी झाली आणि चेन काही बसेना. शेजारच्या गॅरेजमधला एक दाढीवाला माणूस उठून आला. त्याने पॅडल उलटं फिरवलं, चेन बसली.

"चाचा, कहाँ तक?"

"डोंबिवली."

"साइकिल पे? कोई ख़ास काम?"

"एक झूठ बोला था. वापस लेने जा रहा हूँ."

त्याने हात पुसायला फडकं दिलं. "तो आराम से जाओ," म्हणाला. "ऐसे काम में देर हो ही जाती है."

शिळफाट्यापासून मात्र रस्त्याने माझी परीक्षा घेतली. मेट्रोच्या खांबांची कामं, मधोमध पत्रे ठोकलेले, उरलेल्या पट्टीत कंटेनर, टँकर, रिक्षा आणि मी. प्रत्येक ट्रक जवळून गेला की हँडल थरथरत होतं. रायपूरची ती चप्पल डोळ्यांसमोर आली. मी उतरलो नाही असं लिहायला आवडलं असतं. मी तीनदा उतरलो. एका पेट्रोल पंपावर तर पंधरा मिनिटं नुसता बसून होतो. फरक एवढाच की या वेळी पुन्हा चढलो.

बाळारामचं गाव रस्त्यापासून आत आहे. वीसेक वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा दोन्ही बाजूंना भातशेती होती. आता चौदा-चौदा मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या मधून गावाचा रस्ता बोळासारखा जातो. घर ओळखू येईना. नाक्यावर मंदिराच्या पायरीवर तिघे-चौघे बसले होते. त्यांना विचारलं.

"कोनचा बाळाराम? ट्रकवाला?"

"त्याचा ट्रकचा धंदा आहे?"

"नाय वो!" माणूस हसला. "सायकलीन देस फिराला गेलता, नि अर्ध्या वाटंला ट्रकमंदी जाऊन बसला. तवापासून ट्रकवाले. पोरगा पन ट्रकवाला, नात पन ट्रकवाली. ता पिवला बंगला दिसतंय ना, तोच."

कारखान्यात त्याला 'ट्रक' म्हणत, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं होतं, कारखान्याबरोबर तेही संपलं. पण या आगरी गावांत आडनाव एकच असलेली पन्नास घरं असतात, म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव पडतं, आणि ते बापाकडून मुलाकडे जातं, जमिनीसारखं. माझं एक वाक्य या घराला तीन पिढ्या लागलं होतं.

पिवळ्या बंगल्याच्या ओट्यावर बाळाराम खुर्चीत बसला होता. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, डोक्यावर लोकरीची टोपी. त्याने आधी सायकल ओळखली आणि मग मला.

"आयलास? सायकलीव? येडा झायलास का र या वयात?"

"तूच म्हणायचास ना, गाठी मी सोडवीन म्हणून. एक राहिली होती."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग आत बघून ओरडला, "पोरी, तुजा लेखक आयला गो! पानी आन आदी."

प्रणालीने जेवणाचं टेबल पूर्ण व्यापलं होतं. लॅपटॉपवर चढ-उतारांचा आलेख, भिंतीला टेकवलेला मोठा नकाशा, आणि माझ्या लेखाची झेरॉक्स. पाण्याच्या जागा निळ्या, मुक्काम पिवळे. आमच्या दोऱ्याच्या गाठींपेक्षा तिचं काम कितीतरी पक्कं होतं. फक्त रायपूर ते संबळपूरची पानं गुलाबी चौकटीत होती.

"हा माझा मेन पार्ट," ती म्हणाली. "बाकी सगळं आरामात करणार. पण हा पट्टा तीन दिवसांत, एकही ब्रेक डे न घेता. आणि रोज व्हिडिओ टाकणार. गावातल्या सगळ्या ग्रुपवर. बाळारामबाबांचं राहिलेलं मी पूर्ण केलं, असं. मग बघू कोण ट्रकवाली म्हणतंय." तिने पेन उघडलं. "तर आता सांगा, देऊळ पिठोऱ्यापासून साधारण किती किलोमीटर? कारण पहिल्या दिवशीचा मुक्काम तिथेच येतोय. विहीर असेल तर पाणी कमी घेऊन निघेन, वजन वाचेल."

बाळाराम दारात येऊन उभा होता. काठीवर दोन्ही हात ठेवून. तो माझ्याकडे बघत नव्हता, नकाशाकडे बघत होता. मला वाटलं, हा आताही काही बोलणार नाही. मी 'नीट आठवत नाही, वय झालं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती पोरगी कमी पाणी घेऊन निघाली असती.

"देऊळ नाही," मी म्हणालो. "विहीरही नाही. मी तो रस्ता सायकलने केलेला नाही. ट्रकमध्ये मी बसलो होतो. तुझे आजोबा नव्हते. त्यांनी ते चार दिवस एकट्याने सायकल चालवली."

ती हसली. थट्टा वाटली असावी. मग तिने बाळारामकडे बघितलं.

"बाबा?"

"खरा हाय."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्याला ट्रकमंदी बस म्हनून मीच सांगितला. मीच बसवला, नि मीच चारचौघांत उघडा पारू (पाडू)?" तो हळूहळू खुर्चीत बसला. "नि माज्या पायांना ठाव होता ना, कोनी चालवली ती."

"राग नाही आला तुला?" मी विचारलं.

"तुज्या पोराच्या लग्नाला आयलू नाय, तो काय गुडघं दुखत व्हतं म्हनून?" तो म्हणाला. "आला ना राग. धा वर्सां व्हता. मग कंटाललू. झाला तुजा सांगून? आता चाय पी, गार होतंय."

प्रणाली मात्र चहा पीत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता. "पप्पा शाळेत असताना डोकं फोडून घरी आले होते. ट्रकवाल्याचा पोर म्हटलं म्हणून भांडले. मला कॉलेजात पोरं हॉर्न वाजवून दाखवायची. आम्हाला वाटायचं, बाबा घाबरले असतील, असू दे, आपलेच आहेत. आणि तुम्ही इकडे लेखक!"

मी म्हणालो, "चूक झाली. माफ—"

"सॉरी बोलून नाही चालणार, आजोबा. तुम्ही छापलंय ते. लिहूनच खोडा."

मी पिशवीतून शिक्क्यांची वही काढून तिच्यापुढे ठेवली. बाळारामची स्वतःची वही खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेली, हे मला माहीत होतं. माझी मी इतकी वर्षं कपाटात कपड्यांखाली ठेवली होती, कारण तिच्यात माझं खोटं लिहिलेलं होतं. बाकी सगळ्या पानांवर शिक्क्याखाली माझं तिरकं अक्षर आहे. पिठोरा, बसना, सरायपाली, बरगढ या चार शिक्क्यांखाली बाळारामचं. लोखंडावर नंबर ठोकावा तसं, दाबून. प्रणालीने पान उलटलं आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. अक्षरं हाताला लागत होती.

मग तिने गुलाबी चौकटीतली पानं काढून उलटी ठेवली, कोरा कागद घेतला आणि खुर्ची आजोबांकडे वळवली.

"बाबा, रायपूरपासून सांगा. पाणी कुठे, चढ कुठे. हळूहळू."

बाळाराम सांगू लागला. महानदीचा पूल कसा लांबच लांब, आणि वारा आडवा. पिठोऱ्याच्या अलीकडचं जंगल, तिथल्या माकडांनी पळवलेली गुळाची ढेप. सरायपालीला भाताच्या गिरणीत पोत्यांवर काढलेला मुक्काम. "तिथला भात हातांत घेऊन बघितला. आपल्यासारकाच. वाटला, घरीच हाय." प्रणाली अधूनमधून विचारत होती, आता तिथे हायवे झालाय, पण चढ तर तोच असेल ना? तो म्हणायचा, "चढ कुठं जातंय?"

बसनाच्या पोस्टात मात्र तो अडकला होता. पोस्टमास्तर म्हणाले, माणूस एक आणि वह्या दोन, हे कसं? दुसरा माणूस दाखवा, मग शिक्का. बाळारामने सांगितलं, दुसरा मागून येतोय. मास्तर म्हणाले, ठीक, येऊ दे. मग बाळाराम पोस्टाच्या पायरीवर बसून राहिला. तासभर. कोणी येणार नाही हे माहीत असून रस्त्याकडे बघत. शेवटी मास्तरांनीच आत बोलावलं आणि न विचारता दोन्ही वह्यांवर शिक्का मारला.

मी ऐकत होतो. ज्या चार दिवसांचं वर्णन मी छापलं होतं, ते मी पहिल्यांदा ऐकत होतो.

दुपारी प्रणालीचे वडील आले. संजय, बाळारामचा मुलगा. विटा-रेती पोचवायचा त्याचा टेम्पो आहे. मुलीने त्याला आत नेऊन सगळं सांगितलं. तो बाहेर आला, माझ्याकडे न बघता जेवायला बसला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची भाजी, सुकट. त्याच्या बायकोने मला आग्रहाने वाढलं. जेवून उठताना संजय म्हणाला, "काका, तुमाला सोरतो. सायकल टेम्पोत टाकू."

"जाईन मी सायकलने," मी म्हणालो. ते वाक्य पूर्ण होण्याआधीच कळलं की गुडघे उचलत नाहीत.

बाळाराम मिश्कील हसला. "बस र. तुला सवय हाय."

सगळेच हसले, संजयसुद्धा. मीही.

सायकल मागे रेतीच्या हौद्यात उभी बांधली आणि मी पुढे बसलो. निघताना प्रणाली म्हणाली, "मी निघेन त्या दिवशी कल्याणच्या दुर्गाडीला या. चाक खाडीत बुडवून निघणार आहे, तुमच्यासारखं." मग जरा थांबून, "तोवर लिहून झालं पाहिजे."

नाक्यावर मंदिरापाशी टेम्पो सावकाश झाला. सकाळचीच माणसं पायरीवर होती. त्यांतल्या एकाने मागची सायकल बघितली आणि आरोळी ठोकली, "काय र ट्रकवाल्या! आज पावन्याला पन ट्रकमंदी घातलास?"

संजयने गाडी थांबवली. माझ्याकडे बघितलं. मग इंजिन बंद केलं.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. पंच्याहत्तरीला आवाज फुटत नाही, पण मी मोठ्याने बोललो. "तेव्हाही ट्रकमध्ये मीच बसलो होतो. बाळाराम नव्हता. बाळारामने सगळा देश सायकलने केला. मी खोटं सांगितलं होतं."

पायरीवर कोणी हसलं नाही. एक म्हातारा उठून खिडकीपाशी आला. "परत बोल," म्हणाला. "कानांनी कमी ऐकतो मी."

मी परत बोललो.

वर्तकनगरला संजयने सायकल उतरवली, स्टँडवर लावली, हात झटकले आणि "येतो" म्हणून गेला. त्याने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. एका नाक्यावर दोनदा बोलून तीन पिढ्यांचं नाव पुसत नाही, हे मला समजतं. गाव अजून काही वर्षं त्यांना ट्रकवालेच म्हणेल.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात तो जुना दिवाळी अंक असेल, त्यांनी कृपा करून माझ्या लेखातलं पिठोऱ्यापुढचं देऊळ खोडावं. रायपूर ते संबळपूर सायकलने फक्त बाळाराम गेला. ट्रकने मी गेलो. बसनाच्या पोस्टमास्तरांना त्याने सांगितलं होतं, दुसरा मागून येतोय. तो आत्ता पोचला.